गांगुर्डे मॅडमची तूर

गांगुर्डे मॅडमच्या शोकसभेत आमच्या उपप्राचार्यांनी सांगितलं, की मॅडम स्वभावाने अत्यंत मृदू होत्या आणि त्यांनी आयुष्यात कधी कोणाला दुखावलं नाही. मी मागच्या रांगेत बसलो होतो. शेजारी गणिताचे देशमुख सर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं आणि दोघांनीही मान खाली घातली, कारण शोकसभेत हसणं बरं दिसत नाही. खुद्द उपप्राचार्यांचाच मॅडमनी एकदा स्टाफरूममध्ये असा समाचार घेतला होता, की पुढे कित्येक दिवस ते चहाच्या वेळेला खालीच उतरत नव्हते.

माणूस गेला की त्याला मऊ करून टाकायची आपल्याकडे रीत आहे. मॅडमना ती आवडली नसती. त्या कशा होत्या ते निदान एकाने तरी नीट सांगावं, म्हणून हे लिहायला बसलो.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. आमच्या प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत. मी नवीन लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात दारात एक उंच, सावळ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि हातात पांढरा प्लास्टिकचा कॅन.

"केमिस्ट्री तुम्हीच का?"

"हो. मी परवाच जॉइन झालो."

"डिस्टिल्ड वॉटर लागेल. रोज. आधीचे केमिस्ट्री द्यायचे."

त्यासाठी काही पद्धत आहे का, अर्ज वगैरे, असं मी विचारलं. "पद्धत आहे ना," असं म्हणून त्यांनी कॅन माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या. पद्धत म्हणजे एवढीच होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सगळ्या प्राध्यापकांना त्या विषयाच्या नावाने हाक मारायच्या. "गणित, जरा सरकून बसा." "काय हो इतिहास, आज उशीर?" प्राचार्यांना त्या 'प्रशासन' म्हणत, तेही समोरासमोर. शिपाई, माळी, कँटीनवाले यांना मात्र नावाने आणि अहो-जाहो. याचं कारण एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाला सगळे सर म्हणतातच की. अजून किती लाड हवेत?"

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे टिश्यू कल्चरची एक लांबट खोली. झाडाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, तो निर्जंतुक करायचा, आणि साखर, क्षार, संप्रेरकं घातलेल्या खळीसारख्या घट्ट खाद्यावर बाटलीत ठेवून त्याचं पुन्हा झाड करायचं, हे तिथलं काम. बाटल्या मुरंब्याच्या, घरोघरून मागून आणलेल्या. ट्यूबलाइटखाली फळ्यांवर त्या ओळीने मांडलेल्या असत. मॅडम बांगड्या घालत नसत, कारण बांगडीखाली जंतू बसतात. कोपरापर्यंत हात धुवायच्या. गाळलेली हवा सोडणारं एक काचेचं कपाट होतं, त्याच्यासमोर त्या चिमटा आणि पातं घेऊन बसल्या, की दिवसभर बोलणारी ही बाई एकदम मुकी व्हायची. बोलताना तोंडातून जंतू उडतात. तिथे त्या फक्त भुवयांनी बोलत, आणि एम.एस्सी.च्या मुलींना त्या भुवया व्यवस्थित वाचता येत. एखाद्या बाटलीत पांढरी बुरशी दिसली की बाहेर येऊन म्हणायच्या, "पाहुणे आलेत. पोचवून या." मग ती बाटली उकळून धुतली जायची.

नाशिकमध्ये टिश्यू कल्चर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर केळी येते, डाळिंब येतं. मॅडमच्या बाटल्यांत मात्र हरभरा आणि तूर. कडधान्यं या कामात फार त्रास देतात. तुकडा काळा पडतो. काळा नाही पडला तर नुसता गोळा वाढतो. कोंब आला तर मूळ येत नाही. जगभरात लोक यावर डोकं फोडून घेतात, असं त्याच सांगायच्या, आणि सांगताना त्यांना जरा मजाही वाटत असावी.

विंचूरकडे रोपांचा मोठा व्यवसाय असलेले एक गृहस्थ एकदा त्यांना भेटायला आले होते. त्यांना केळीच्या रोपांसाठी कोणीतरी जाणकार हवं होतं. गोड बोलणारा माणूस. मॅडमनी त्यांना चहा दिला, सगळी प्रयोगशाळा फिरून दाखवली आणि शेवटी म्हणाल्या, "केळी बाटलीत ठेवली की वाढते. त्यात माझं काय काम?"

"पण मॅडम, तूर तर बी टाकलं की उगवते. ती बाटलीत कशाला?"

"बी असलं तर उगवते."

गृहस्थांना ते उत्तर कळलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

'शक्य नाही' हे दोन शब्द त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. कोणी बोललंच तर त्या शांतपणे विचारायच्या, "करून कोणी बघितलं?" कोणी नाव सांगितलं, की "त्याने कितीदा बघितलं?" मुलं या प्रश्नाला टरकून असत. मीही असायचो.

त्या इगतपुरीच्या. वडील रेल्वेत गँगमन होते, रुळांवर काम करणारे. क्वार्टरमध्ये वाढल्या. त्यांच्या घरात शेती कधी नव्हती, हे आमच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांना चांगलं ठाऊक होतं. ते आता निवृत्त आहेत. त्यांचे द्राक्षबाग होते आणि बोलण्यात ते बाग रोज एकदा तरी यायचे. एके दिवशी स्टाफरूममध्ये कोणीतरी मॅडमच्या तुरीचा विषय काढला, तेव्हा हे प्राध्यापक हसत हसत म्हणाले, "अहो, त्यांच्याकडे जमीन कुठे होती कधी? पिकाचं कळायला मातीत हात लागतो. पिढ्या जाव्या लागतात."

मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. सगळ्यांचे कप हवेत थांबले. त्या वळल्या. आवाज नेहमीचाच होता.

"बरोबर आहे सर. जमीन तुमच्याकडे होती. आम्हाला कोणी ठेवू दिली नाही. म्हणून तर मी मातीशिवाय शेती शिकले."

आणि त्या तासाला निघून गेल्या. आम्ही आपापला चहा संपवला. नंतर मी त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, की सरांनी तसं बोलायला नको होतं. त्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग तिथे बोलायचं होतं, केमिस्ट्री. इथे मला माहीतच आहे."

आता त्या तुरीबद्दल.

मॅडमचे वडील निवृत्तीनंतर इगतपुरीलाच राहत होते आणि मॅडम दर रविवारी त्यांना भेटायला एसटीने जायच्या. त्या वर्षी पाऊस भलताच होता. घोटीच्या अलीकडे भातखाचरांच्या बांधांवर लोक तूर लावतात. ती सगळी तूर पाण्याने पिवळी पडून माना टाकून बसली होती. तुरीला पायात पाणी चालत नाही, मूळ कुजतं. अशा एका बुडालेल्या बांधावर मॅडमना चालत्या एसटीतून एकच तुरीचं झाड दिसलं. डोक्याएवढं उंच आणि हिरवंगार.

त्यांनी घंटीची दोरी ओढली. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, इथं थांबा नाही."

"मग आज करा."

कंडक्टरने काय विचार केला कोणास ठाऊक, पण गाडी थांबली. त्या भर पावसात उतरल्या आणि चपला हातात घेऊन बांधावरून त्या झाडापर्यंत गेल्या. बुंध्याभोवती पोटरीएवढं पाणी होतं.

ते शेत हिराबाईंचं. हिराबाई म्हणजे साठीच्या पुढच्या, काटक, कोणाचं काही चालू न देणाऱ्या. आपल्या बांधावर एक परकी बाई झाडाशी ओणवी होऊन काय करते, हे बघायला त्या इरलं घेऊन आल्या. पुढे मॅडम मला त्या दोघींचं बोलणं नक्कल करून सांगायच्या.

"काय पायजे?"

"मावशी, ही तूर कुठली?"

"आमचीच हाय. सासऱ्याच्या येळची. ही पाण्याला भेत नाय."

"अजून आहे का कुठे? बी ठेवलंय का?"

"ठेवलं व्हतं. भुंग्यानी पार पीठ केलं. दोन-तीन झाडं व्हती, ती म्हातारी होऊन गेली. आता ही येकच. आन् हीबी जायची."

"का?"

हिराबाईंनी रस्त्याकडे हात केला. रस्ता रुंद होणार होता. त्यांच्या शेताची कडेची पट्टी त्यात जात होती आणि बांधही. पावसाने उघडीप दिली की काम सुरू होणार होतं. तुरीला फुलं यायची थंडीत. म्हणजे शेंग धरायच्या आत झाड जाणार होतं.

सोमवारी मॅडम कॅन न घेता माझ्याकडे आल्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. मी म्हटलं, मोठ्या, पोक्त झाडाच्या फांदीपासून तूर बाटलीत वाढते का? त्या म्हणाल्या, कोवळ्या रोपापासूनसुद्धा नीट वाढत नाही. मग मी पुढे काही विचारलं नाही. काय ऐकावं लागेल ते माहीत होतं.

उघडीप पडली ती ऐन परीक्षेच्या दिवसांत. हिराबाईंच्या नातवाचा फोन आला, की मशीन आलंय. मॅडमनी सुपरव्हिजन देशमुखांच्या गळ्यात घातलं आणि मला म्हणाल्या, "तुमची गाडी काढा." आम्ही पोचलो तेव्हा जेसीबी बांधापासून हाकेच्या अंतरावर होता. मॅडम सरळ जाऊन तुरीच्या पुढे बांधावर बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत कात्री, ओला कपडा आणि बर्फाचा डबा. हिराबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

चालक खाली उतरला. पोरसवदा नव्हता, चांगला मिशीवाला, थकलेला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही रस्त्याच्या विरोधात हायेत का? तसं असंल तर साहेबांशी बोला. मला उकरायचं सांगितलंय, मी उकरतो."

"रस्ता करा ना. मी कुठे नाही म्हणते. माझं काम होईपर्यंत इथून हलणार नाही."

"काम काय?"

"या झाडाची पेरं कापायचीत. कोवळी, कीड नसलेली. बघून बघून घ्यावी लागतात."

त्याने फोन लावला. फोनवरचा माणूस काहीतरी ओरडत होता, ते आम्हाला ऐकू येत होतं. चालकाने शेवटी फोन बंद केला, बिडी पेटवली आणि मशीनच्या पायरीवर बसून म्हणाला, "घ्या. पण लवकर घ्या. माझी भाकरी खायची येळ झालीच हाय."

मॅडमनी घाई केली नाही. प्रत्येक फांदी हातात घेऊन, उलटसुलट बघून त्यांनी पेरं कापली. मग त्या चालकाकडे गेल्या आणि त्याला म्हणाल्या, की झाड मोठ्या ढेकळासकट उचलता येईल का. त्याने खरोखर फार हळू हाताने, एखादं मूल उचलावं तसं ते झाड मातीसकट उचललं आणि आम्ही ते भाड्याच्या टेम्पोत घालून कॉलेजच्या मागच्या अंगणात आणलं. पण तुरीचं मूळ सरळ खोल जातं. ते तुटलं होतं. झाडाने आठवड्याभरात पानं टाकली आणि ते वाळून गेलं.

आता जे काही होतं ते बाटल्यांत.

त्यानंतरचं वर्ष मला आठवतं ते तपकिरी रंगाचं. तुरीचा तुकडा कापला की त्यातून रस झिरपतो आणि खाद्य काळपट होतं. त्या रसानेच तुकडा मरतो. ते कसं रोखायचं हा माझ्या विषयातला प्रश्न होता, म्हणून मी कोळशाची पूड दिली, क जीवनसत्त्व दिलं, बाटल्या अंधारात ठेवून बघा म्हटलं. बहुतेक बाटल्या गेल्या. उरल्या त्यातल्या निम्म्यांत पाहुणे आले. राहिलेल्या थोड्या पेरांना मात्र, दिवाळीनंतर कधीतरी, बारीक हिरवे कोंब फुटले. मॅडमनी मला बोलावून दाखवले. काही बोलल्या नाहीत. कपाटासमोर नव्हत्या, तरी बोलल्या नाहीत.

कोंब वाढले, त्यांचे आणखी कोंब झाले. पण मुळं येईनात. संप्रेरक कमी केलं, जास्त केलं, बदललं. साखर बदलली. कोंब बाटलीत हिरवे उभे असायचे आणि खाली काही नसायचं. दर महिन्याला ते कापून नव्या खाद्यावर ठेवायचे, नाहीतर तेही मेले असते. एका कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ कार्यशाळेसाठी आले होते, त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "पोक्त झाडापासून कोंब काढलेत हेच पुष्कळ आहे. मुळं येणार नाहीत. कुठे तशी नोंद नाही. एका झाडासाठी एवढं करण्यात शास्त्राच्या दृष्टीने अर्थही नाही."

"दुसरं झाड असतं तर मीही केलं नसतं," मॅडम म्हणाल्या.

त्याच सुमारास कॉलेजच्या तपासणीसाठी समिती यायची होती. त्यांना दाखवायला प्राचार्यांना एक चकचकीत डिजिटल वर्ग हवा होता आणि त्यासाठी हीच खोली त्यांच्या डोळ्यात भरली. ते स्वतः आले, उपप्राचार्यांना घेऊन.

"मॅडम, बाटल्या तात्पुरत्या गोडाउनमध्ये हलवू."

"गोडाउनमध्ये एसी आहे? लाइट आहेत?"

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"दोन महिन्यांत सगळ्या मरतील."

इथे उपप्राचार्य मध्ये पडले. "तसंही मॅडम, इतक्या वर्षांत या खोलीतून एक रोप बाहेर आलेलं आम्ही बघितलेलं नाही."

"खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "मग लेखी द्या. या बाटल्यांतली झाडं मारायची आहेत, असं लिहा आणि खाली दोघांच्या सह्या करा. मी दारावर लावते आणि किल्ली देते."

लेखी काही आलं नाही. समिती आली तेव्हा तिला या मजल्यावर आणायचंच नाही असं ठरलं होतं. मॅडम जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "सर, माझी प्रयोगशाळा बघायची राहिलीय." अध्यक्ष वयस्कर होते, मवाळ होते, आले. त्यांनी विचारलं, इथलं यश काय? मॅडमनी त्यांना सगळ्यात खालच्या फळीपाशी नेलं. तिथे काळ्या पडलेल्या, कुजलेल्या, गोळा झालेल्या बाटल्या त्यांनी मुद्दाम जपून ठेवल्या होत्या.

"यश अजून नाही. अपयश आहे, ते नीट लावून ठेवलंय. दाखवू?"

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष मात्र स्टूल ओढून बसले आणि एकेक बाटली हातात घेऊन विचारत राहिले. जेवणाची वेळ टळून गेली. जाताना ते प्राचार्यांना म्हणाले, की या बाई निवृत्त होईपर्यंत खोलीला हात लावू नका. त्यामुळे खोली वाचली. प्राचार्य पुढे बरेच दिवस जिना चढताना मॅडमना टाळत असत.

मुळांचा प्रश्न सुटला तो स्टाफरूममध्ये. देशमुखांचाही एक छोटा द्राक्षबाग होता. सप्टेंबर-ऑक्टोबरात जंगली वेलीच्या खुंटावर चांगल्या द्राक्षाची काडी बसवून कलम करतात. कलम बांधणारी माणसं यंदा वेळेवर आली नाहीत, म्हणून देशमुख चहा पिता पिता कुरकुरत होते. मॅडम ऐकत होत्या. मध्येच उठल्या, कप तसाच ठेवला आणि वर गेल्या.

मी मागोमाग गेलो. त्या वाण्याकडची साधी तूर निर्जंतुक करून भिजत घालत होत्या.

"हिला मुळं येतात," त्या म्हणाल्या. "हिचं डोकं काढायचं आणि आपला कोंब बसवायचा."

"पण मॅडम, मग पाण्यात उभं राहणारं मूळ कुठे राहिलं? पाय तर दुसरीचे झाले."

"पाय दुसरीचे. शेंग हिची. बी हिचं येईल ना? त्या बीला स्वतःचे पाय असतील."

हातभर लांबीच्या झाडावर कलम करणं वेगळं आणि काडीपेटीतल्या काडीएवढ्या रोपावर करणं वेगळं. खुंटाला उभी चीर द्यायची, कोंबाला पाचर कापायची आणि दोन्ही हलणार नाहीत असं धरून ठेवायचं. दोऱ्याने कोंब तुटायचे. शेवटी मॅडमनी सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणली आणि तिच्या चकत्या कापून अंगठीसारख्या बसवल्या. कित्येक कोंब वाया गेले. पण काही धरले. कार्तिकात त्यांच्या कुंड्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ओळीने उभ्या होत्या. थंडीत त्या वीतभर झाडांना पिवळी फुलं आली, तेव्हा मॅडमनी जुनी ऑर्गंडीची ओढणी फाडून त्याच्या पिशव्या शिवल्या आणि फुलांवर बांधल्या. मधमाशीने दुसऱ्या तुरीचं काही आणून मिसळू नये म्हणून.

मार्चमध्ये शेंगा वाळल्या. दाणे निघाले ते मूठभरसुद्धा नव्हते. बारीक, तांबूस-काळे, दिसायला अगदीच सामान्य.

त्याच तज्ज्ञांचा आता फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. फोन मॅडमनी स्पीकरवर ठेवला होता. त्यांचं म्हणणं, की बी लगेच विद्यापीठाकडे द्यावं, तिथे चाचण्या होतील, वाणाची रीतसर नोंदणी होईल, मॅडमचं नावही राहील.

"ज्यांची तूर आहे त्यांचं नाव राहील का?"

"शेतकऱ्याचा उल्लेख करता येईल."

"मग आधी त्यांच्या बांधावर जाऊ दे. तिथून तुमच्या कपाटात येईल. उल्लेखासकट."

"मॅडम, त्या खाऊन टाकतील."

"त्यांचीच आहे," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आम्ही घोटीला गेलो. रस्ता झाला होता, चांगला रुंद आणि काळा. हिराबाई ओट्यावर बसल्या होत्या. मॅडमनी रुमाल उलगडला. हिराबाईंनी दाणे बोटाने इकडेतिकडे केले.

"माझं बी मला देताय, का नुस्तं दाखवताय?"

मॅडमना हा प्रश्न अपेक्षित नसावा.  दीड वर्ष ज्याच्यासाठी त्या भांडल्या होत्या ते सगळं त्या रुमालात होतं. मग त्यांनी रुमालाची चारी टोकं गोळा केली आणि तो हिराबाईंच्या हातात ठेवला. म्हणाल्या, "देते. पण एक अट आहे. खाऊ नका."

हिराबाई म्हणाल्या, "मला काय येड लागलंय का?"

मे महिन्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्यांनी कोणाचेही आभार मानले नाहीत. शिल्लक बाटल्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेत पोचवल्या आणि किल्ली स्वतः नेऊन प्रशासनाच्या टेबलावर ठेवली. जूनमध्ये त्या खोलीचा डिजिटल वर्ग झाला. थंडीत त्या हृदयविकाराने गेल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एम.एस्सी.च्या जुन्या मुली कुठून कुठून आल्या होत्या.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याआधी, ऑगस्टच्या शेवटी. घोटीला पावसाने चार दिवस झोडपून काढलं होतं. मॅडमनी फोन करून मला बोलावून घेतलं. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून मी छत्री घेऊन थांबलो. पलीकडे सगळी खाचरं एक झाली होती, मध्ये बांध कुठे आहेत ते फक्त तुरीच्या रांगेवरून कळत होतं. मॅडम प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन, हिराबाईंनी ते बी लावलेल्या बांधावरून निघाल्या. मागे हिराबाई.

सगळीच तूर उभी नव्हती. काही झाडं पिवळी पडली होती. त्यातल्या एकाला मॅडमनी हात घातला आणि ते अलगद हातात आलं, मूळ काळं, कुजलेलं. त्यांनी ते उजेडात धरून बघितलं आणि बाजूला टाकलं. मग त्या पुढच्या झाडापाशी गेल्या. कमरेएवढं, हिरवं, बुंध्याशी पाण्याचा भोवरा फिरत असलेलं. त्यांनी त्याला एका हाताने ओढलं. झाड आलं नाही.

"अवो बाई, उपटाल की," हिराबाई मागून म्हणाल्या.

मॅडमनी ऐकलं नाही. प्लास्टिकचा कागद खांद्यावरून पडू दिला, पाय रोवले, दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि सगळा जोर लावून पुन्हा ओढलं. झाड वाकलं, पण मुळापासून हललं नाही. मॅडमचाच पाय बांधावरून सुटला आणि त्या गुडघ्यापर्यंत भाताच्या पाण्यात गेल्या. पडल्या नाहीत, कारण तुरीला धरून होत्या. तशाच भिजत उभ्या राहून त्या मोठमोठ्याने हसायला लागल्या, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या मला पावसातूनही ते स्वच्छ ऐकू येत होतं.